गप्प की शांत? भिंगरीबरोबरचे अकरा दिवस

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा पहिला प्रश्न पडला तो आईचा नव्हे, भिंगरीचा. शरम वाटते, पण खरं आहे. ऑपरेशनला भाऊ असणार होता. घरी आल्यानंतरचे दहा दिवस माझ्याकडे होते आणि माझ्या घरात साडेचार वर्षांची, अठरा किलोंची, ढग गडगडला की स्वतःभोवती गोल गोल फिरणारी एक कुत्री होती. नाव त्यावरूनच पडलेलं. एकदा तिला बोर्डिंगमध्ये ठेवली होती, तर तीन दिवस पाण्यालाही तोंड लावलं नव्हतं. गाडीनं न्यावं तर दोन दिवसांचा रस्ता आणि हिला गाडी लागते. उरलं विमान.

केबिनमध्ये सोबत नेता आली असती तर हे लिहायची वेळच आली नसती. पण तिथे साधारणपणे अगदी कमी वजनाच्याच प्राण्यांना घेतात. अठरा किलोंची कुत्री म्हणजे सामानाच्या कप्प्यात, क्रेटमध्ये, म्हणजे जाळीच्या दाराच्या पेटीत.

दीड महिना आधी

आमच्या डॉक्टरबाईंना मी पहिल्याच वाक्यात सांगितलं, "एखादी झोपेची गोळी द्या, झोपून जाईल बिचारी." त्यांनी भिंगरीचे कान चोळत चोळत चक्क नाही म्हटलं. पूर्वी प्रवासाला सर्रास दिलं जाणारं असेप्रोमाझिन हालचाल मंदावतं, पण भीती कमी करेलच असं नाही. वर रक्तदाब उतरवतं, अंगाचं तापमान सांभाळायची ताकद कमी करतं, तोल घालवतं. क्रेट हलली तर झिंगलेला कुत्रा स्वतःला सावरू शकत नाही आणि त्याला काही झालं तर बघायला तिथे कुणी नसतं. अमेरिकन व्हेटरनरी मेडिकल असोसिएशनचा सल्लाही गुंगी न देण्याचाच आहे. झापड आलेला प्राणी दिसला तर बहुतेक विमानकंपन्या चेक-इनलाच परत पाठवतात, ते वेगळंच.

गॅबापेंटिन, ट्रॅझोडोन ही जरा वेगळ्या जातीची औषधं, भीतीसाठी दिली जाणारी. डॉक्टरांना ती योग्य वाटली तरी पहिला डोस कधीही प्रवासाच्या दिवशी द्यायचा नाही. घरी, सुट्टीच्या दिवशी, समोर बसून परिणाम बघायचा. आम्ही गॅबापेंटिन करून बघितलं. भिंगरी तासाभरात चालताना दाराच्या चौकटीवर आपटली आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू चौकट मीच सरकवली. औषधाचा विषय तिथेच मिटला. तुमच्या कुत्र्याचं वेगळं असू शकतं. डॉक्टरांशी बोला, शेजाऱ्यांच्या कपाटातल्या गोळ्यांशी नको.

डॉक्टरबाईंनी तिचं नाकही बघितलं. भिंगरीचं थोबाड लांबट आहे, म्हणून ठीक. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापा टाकून अंग थंड करणं मुळातच जड जातं. त्यांना सामानाच्या कप्प्यात घ्यायला अनेक कंपन्या तयारच होत नाहीत.

मग क्रेट. ती 'आयाटा' या विमानकंपन्यांच्या संघटनेच्या नियमांत बसणारी लागते. मापाचं गणित एकदा समजलं की सोपं आहे. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी घ्यायची आणि जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग तिच्यात मिळवायचा, ही झाली क्रेटची लांबी. रुंदी खांद्यांच्या दुप्पट. उंची उभ्या कुत्र्याच्या डोक्याच्या किंवा कानाच्या टोकापर्यंत, जे वर असेल ते, आणि अंथरुणाची जाडी वेगळी. भिंगरी भरली चौऱ्याहत्तर सेंटीमीटर, कोपर बत्तीसवर, म्हणजे नव्वद सेंटीमीटरची क्रेट. मापं घेताना ती चारदा खाली बसली.

सरावाबद्दल मात्र मला कान पकडायला हवेत. पहिला आठवडा क्रेटमध्ये नुसतं जेवण ठेवलं, ते बरोबर केलं. दुसऱ्या आठवड्यापासून मला घाई झाली. तिसऱ्या आठवड्यात दार लावून वीस मिनिटं ठेवली. ती कोपऱ्यात बसून राहिली, हूं की चूं नाही. मी व्हिडिओ काढून भावाला पाठवला, "बघ, जमलं!" तो व्हिडिओ आता बघवत नाही. कान मागे चिकटलेले, डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसतंय, जीभ सारखी ओठांवरून फिरतेय. सगळं समोर होतं. मी फक्त आवाज ऐकत होते, आणि आवाज नव्हता.

आदला दिवस

कागदपत्रं, तिकीट वगैरे भावानं केलं. मी वाटीत बर्फ केला. क्रेटच्या दाराला अडकवायची पाण्याची वाटी भरून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायची, म्हणजे क्रेट उचलताना पाणी सांडत नाही आणि नंतर हळूहळू वितळून कुत्र्याला मिळत राहतं. न धुतलेला माझा टी-शर्ट अंथरुणावर घातला. पट्टा आत ठेवायचा नाही, अडकून गळफास बसू शकतो. तो अगदी शेवटी क्रेटच्या वर चिकटपट्टीनं बसवायचा. समोरून आणि बाजूनं तिचे त्याच दिवसाचे फोटो मोबाइलमध्ये घेतले. हरवली तर शोधणाऱ्याला "तपकिरी, गोड" एवढं सांगून भागत नाही.

विमान मुद्दाम पहाटेचं आणि थेट घेतलं होतं. उन्हाळा होता. विमान हवेत असताना कुत्र्यांना उष्म्याचा फारसा धोका नसतो. धोका जमिनीवर, तापलेल्या धावपट्टीशेजारी थांबलेल्या ट्रॉलीवर असतो. काही विमानकंपन्या तापमान तिशीच्या आसपास गेलं की प्राणी घेतच नाहीत.

दिवस पहिला

पहाटे लांब चक्कर मारली, तिनं सगळं उरकलं. जेवण रात्रीच हलकं दिलेलं. विमानतळावर सुरक्षा तपासणीत कुत्र्याला बाहेर काढून रिकामी क्रेट यंत्रातून घालतात. एवढ्या गोंगाटात घाबरट कुत्री हातातून सुटली तर संपलंच. म्हणून मी बंद खोलीत तपासणी मागितली आणि मिळाली. मागितली नाही तर कुणी आपणहून देत नाही, एवढं ध्यानात ठेवा. गळ्यातला पट्टा शेवटच्या क्षणापर्यंत मनगटाला दोन वेढे देऊन धरला होता.

क्रेट नेणारा मुलगा विशीतला असेल. खाली बसून जाळीतून बघत म्हणाला, "एकदम शहाणी आहे हो. आवाजसुद्धा नाही." माझी छाती फुगली. निरोप घेताना मात्र जाळीला नाक लावून रडले, "जाऊ ना गं? येईन ना मी? घाबरू नकोस हं," असं पाच मिनिटं. कुत्र्याला शब्द कळत नाहीत, चिरका आवाज नेमका कळतो.

मग विमानाला उशीर झाला. एक तास पन्नास मिनिटं. आम्ही आत बसलेलो आणि माझ्या खिडकीतून खाली ट्रॉली दिसत होती. तिच्यावर भिंगरीची क्रेट आणि क्रेटवर ऊन सरकत येतंय. मी हवाई सेविकेला बोलावलं, मग पुन्हा बोलावलं. तिसऱ्यांदा हात वर केला तेवढ्यात खाली तोच मुलगा आला, ट्रॉली ओढून पंखाच्या सावलीत नेली आणि क्रेटसमोर उकिडवा बसला. काहीतरी बोलत होता तिच्याशी. काय ते काचेआडून कळलं नाही. त्याचं नावही मला माहीत नाही.

हवाई सेविकेनं मात्र एक गोष्ट सांगितली, ती सगळ्यांनी जाणून घ्यावी अशी आहे. विमानात जिवंत प्राणी असला की तो कुठल्या कप्प्यात आहे ही लेखी सूचना कॅप्टनकडे जाते. त्या कप्प्यातला हवेचा दाब केबिनसारखाच असतो. म्हणजे आपल्याला समुद्रसपाटीपासून अडीच हजार मीटरपर्यंतच्या उंचीवर असल्यासारखं वाटतं, तसंच त्यालाही. तापमानही राखलं जातं. अंधार असतो आणि घरघर असते. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून वर. तेव्हा आपल्याला जी एकसुरी घरघर वाटते तिच्यात त्याला आणखी काय काय ऐकू येत असेल ते तोच जाणे.

विमान सुटताना शेजारचे गृहस्थ हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही माझा हात धरलाय." खरंच धरला होता. अडीच तासांच्या प्रवासात ते एवढंच बोलले, पण हात काढून घेतला नाही.

उतरल्यावर मोठ्या आकाराच्या सामानाच्या दारातून क्रेट आली. आतून आवाज नाही. वाटीत बर्फाचं पाणी झालेलं, जवळपास भरलेलं. टी-शर्ट पुढच्या बाजूनं लाळेनं चिंब. दार उघडलं तरी ती बाहेर आली नाही, ओढून काढावी लागली. टॅक्सीवाले दादा म्हणाले, "किती गरीब आहे." मी हो म्हटलं.

घरी आई खुर्चीत, पाय स्टुलावर. भिंगरी भिंतीला चिकटून उभी राहिली ती राहिलीच.

"अगं, ही अशी काय उभी आहे?"

"दमलीये. पण शांत आहे बघ, सगळ्या प्रवासात एकदाही ओरडली नाही."

आईनं तिच्याकडे बराच वेळ बघितलं. "शांत नाही गं ती. मला ऑपरेशनला आत नेलं ना, तेव्हा मी अशीच पडले होते. नर्स म्हणाली, आजी किती शांत आहेत. आतून माझं पाणी पाणी झालं होतं."

दिवस दुसरा

भिंगरीनं शू केली ती आदल्या रात्री अकराला, म्हणजे पहाटेच्या चकरेनंतर एकोणीस तासांनी. खाल्लं नाही. पलंगाखाली गेली. सकाळी अंगावरून हात फिरवला तर केसांचा पुंजका हातात आला. भीतीनं केस गळतात हे वाचलं होतं, इतके गळतात हे माहीत नव्हतं.

दिवसभर पलंगासमोर फरशीवर पडून मी तिला ऐकणं सोडून बघायला शिकले. गरम होत नसताना धापा. झोप आलेली नसताना जांभई. एक पाय किंचित उचललेला. समोर आवडतं बिस्कीट ठेवलं तर वास घेऊन मान वळवणं. ही शेवटची खूण सगळ्यात कामाची, कारण तिला यंत्र लागत नाही: नेहमी खाणारा कुत्रा खात नाही, म्हणजे आत काहीतरी आवळलेलं आहे. संध्याकाळी आईच्या हातचं उकडलेलं चिकन तिनं खाल्लं. माझ्या हातचं नाही.

तिसरा ते आठवा

आईला दिवसभर खुर्चीत बसायचं होतं आणि करायला काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी बाहेरून आले तर तिनं शेजारच्या मुलाकडून क्रेटचं दार काढून घेतलं होतं, क्रेट खुर्चीसमोर सरकवून घेतली होती आणि मांडीवर वाडग्यात चिकनचे नखाएवढे तुकडे. एक तुकडा क्रेटच्या दारापाशी टाकला. भिंगरीनं मान लांब करून उचलला आणि पळाली. आई गप्प. चार मिनिटांनी दुसरा.

"आई, तिला आत बोलव ना."

"मी कशाला बोलवू? तिची खोली आहे, तिला वाटेल तेव्हा जाईल."

तेव्हापासून क्रेटचं नाव 'खोली' झालं. माझ्या दीड महिन्याच्या सरावात जे नव्हतं ते हेच होतं. मी तिला आत घालत होते, आई तिला बाहेर यायला मोकळी ठेवत होती. चौथ्या दिवशी चारही पाय आत गेले. पाचव्या दिवशी ती तुकडा खाऊन आतच थांबली, पुढचा कधी येतो ते बघत. सहाव्या दिवशी दार परत बसवलं, पण उघडंच. कडीचा 'खट्' वाजला की लगेच तुकडा, दार न लावताच. दिवसभर नुसतं खट्, तुकडा, खट्, तुकडा. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांना १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनक्रियेच्या कामाबद्दल, लोकांच्या लक्षात मात्र राहिली खाण्याआधीच्या खुणेनंच सुटणारी कुत्र्यांची लाळ. आमच्याकडे संध्याकाळपर्यंत खट् वाजला की भिंगरी पलंगाखालून निघून खोलीत हजर.

मधल्या वेळात आईचे व्यायाम. फिजिओथेरपिस्टनं दिलेले गुडघा वाकवायचे दहा-दहा. "ती पाच वेळा जाऊ दे, मी पाच वेळा वाकवते." कुणीही कुणावर जबरदस्ती केली नाही. सातव्या दिवशी आईचा गुडघा बराच वाकला आणि भिंगरी बंद दाराआड कुशीवर लवंडली. कुशीवर, म्हणजे पाय बाजूला टाकून. पोटाखाली पाय घेऊन बसलेला कुत्रा उठून पळायच्या तयारीत असतो, हा फरक आईनं दाखवला.

आवाजाचा सराव मी घेतला. विमानाच्या आतल्या घरघरीचं रेकॉर्डिंग मोबाइलवर अगदी बारीक लावायचं, ती खात असताना. खाणं थांबलं की आवाज पुन्हा कमी. तिच्या खाण्यावर बटण ठेवायचं, आपल्या घाईवर नाही. शेवटी ट्रॉलीचा सराव. शेजारची दोन मुलं क्रेट उचलायची, दोन पावलं जायची, खाली ठेवायची, तुकडा. एकदा एकाचा हात निसटला, क्रेट जमिनीवर आपटली आणि आम्ही सगळे सहाव्या दिवसावर परत गेलो. आठव्या दिवशी बाहेर वीज कडाडली. भिंगरी दोनदा गोल फिरली आणि कुणी न सांगता खोलीत जाऊन बसली. आईनं माझ्याकडे बघितलं, बोलली काही नाही.

बाकीच्या उपायांबद्दल थोडंसं. पिल्लांना पाजणाऱ्या कुत्रीच्या अंगातून जे फेरोमोन, म्हणजे दुसऱ्या कुत्र्यांना कळणारा वासासारखा संदेश, सुटतं त्याची कृत्रिम नक्कल अ‍ॅडाप्टिल या नावानं मिळते. कुत्र्याला आत सोडायच्या पंधरा मिनिटं आधी अंथरुणावर फवारायचं. आम्ही दोन्ही वेळा फवारलं. एकदा बिनसलं, एकदा जमलं, तेव्हा त्याला ना दोष देते ना श्रेय. अंगाला घट्ट बसणारं जॅकेट घरात आवडतं तिला, पण कप्प्यात ते उकडू शकतं किंवा कशात अडकू शकतं, म्हणून नाही घातलं.

नववा आणि दहावा

सराव बंद. दोघीही दमल्या होत्या. परतीच्या प्रवासासाठी डॉक्टरांचं आरोग्य प्रमाणपत्र नवं घेतलं. त्याची मुदत बहुतेक ठिकाणी मोजक्याच दिवसांची असते, जाताना काढलेलं येताना चालेल असं धरून बसू नका. दहाव्या रात्री मी वाटी फ्रीझरमध्ये ठेवली. आईनं जाताना काहीच बोलायचं नाही अशी मला ताकीद दिली. "तुझं ते नाकात रडणं इथेच करून घे," म्हणाली.

दिवस अकरावा

पाऊस होता, थंड हवा. तेवढं एक बरं. तपासणी झाली, मी क्रेटचं दार उघडलं आणि बाजूला झाले. भिंगरीनं एकदा मागे बघितलं आणि आत गेली. खट्. तुकडा. मी "येते" म्हणाले आणि वळले. वीस पावलांवर जाऊन खांबाआड रडले, ते तिला दिसलं नाही.

ट्रॉली वळणावर गेली तेव्हा आतून भुंकण्याचा आवाज आला. दोनदा, ठणठणीत. क्रेट नेणाऱ्या बाई दचकून म्हणाल्या, "अहो, घाबरली वाटतं!" मी म्हटलं, "नाही, आज ती बोलतेय." त्यांनी माझ्याकडे जरा विचित्रच बघितलं. बरोबर आहे त्यांचं.

विमान वेळेवर सुटलं. शेजारी कुणी नव्हतं, हात स्वतःच्याच मांडीवर ठेवले. उतरताना कानात दडे बसले तेव्हा जबडा हलवत बसले. तिच्या कानांतही हेच होत असणार. कुत्रा गिळतो, चाटतो तेव्हा त्याचेही दडे सुटतात, म्हणून वाटीत पाणी राहिलेलं असलं तर बरं, असं मनात आलं.

क्रेट दारातून आली तेव्हा जाळीला नाक होतं. शेपटी प्लास्टिकच्या भिंतीवर आपटत होती, बाहेरच्या दोघातिघांनी वळून बघितलं. दार उघडायच्या आधी मी वाकून वाटी बघितली. कोरडी होती, तळ चाटूनपुसून. बाहेर येऊन तिनं नाकापासून शेपटीपर्यंत अंग झाडलं, दाराबाहेरच्या पहिल्याच झाडाखाली बराच वेळ बसली आणि मग माझ्या खिशाशी नाक घातलं.

आईला फोन केला. "खाल्लं का तिनं?" तिनं विचारलं. माझं काही विचारलं नाही.